उन्हाळी लागली म्हणजे काय, सिस्टर?

वैशाखातली गोष्ट. भुईमूग काढून झाला आणि वडील आजारी पडले. वय ७६. तालुक्याच्या गावी एका नर्सिंग होममध्ये त्यांना दाखल केलं. सिस्टरने विचारलं, "बाबा, काय होतंय?" वडील म्हणाले, "उन्हाळी लागलीया चार दिवसं. बसवंना." सिस्टर चांगल्या घरची, शहरात वाढलेली, हुशार पोर. तिने कागदावर लिहिलं, उन्हाचा त्रास. सलाईन लागलं, मीठ-साखरेचं पाणी सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी रात्री वडिलांना हुडहुडी भरली. ताप चढला आणि ते असंबद्ध बोलू लागले. वॉर्डातल्या मावशी फरशी पुसत होत्या. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "अवं सिस्टर, उन्हाळी म्हंजी लघवीची आग. त्यांनी आल्या आल्याच सांगितलं व्हतं की!" मग लघवी तपासली, जंतू निघाले, औषध बदललं. आठ दिवसांनी वडील घरी आले. म्हाताऱ्या माणसाला लघवीच्या जंतुसंसर्गात भ्रम होतो आणि उशीर झाला तर ते जिवावरही बेतू शकतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

यात सिस्टरचा दोष किती? मला विचाराल तर थोडाच. मी मुलगा शेजारी उभा होतो. मला शब्द कळला होता, पण एका तरुण मुलीपुढे वडिलांच्या लघवीविषयी काय बोलायचं, म्हणून गप्प राहिलो. आणि ज्या बाईला सगळं कळत होतं तिला विचारण्याची पद्धतच दवाखान्यात नव्हती.

नर्सिंग होम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे खासगी दवाखाना येतो. परदेशात या नावाने म्हाताऱ्यांना सांभाळणारी घरं चालतात आणि तिथल्या सेवकांना बोलायचं कसं, वेगळ्या रीतीभातीच्या माणसाशी वागायचं कसं, याचं रीतसर शिक्षण देतात. आपल्या नर्सिंगच्या अभ्यासक्रमात समाजशास्त्र, मानसशास्त्र हे विषय आहेत. पण पुस्तकातलं समाजशास्त्र वेगळं आणि खाटेवरचा धोंडिबा वेगळा.

दुखण्याची बोली

खेड्यातला माणूस आजाराचं नाव सांगत नाही, दुखणं सांगतो. कळ, चमक, ठणका, आग हे चार वेगळे त्रास आहेत. "कणकण आहे" आणि "ताप आहे" यांत फरक आहे. "घेरी येते", "जीव घाबरा होतो", "पोटात गोळा उठतो", "अंग मोडून येतं" हे नुसतं बोलणं नव्हे, ते निदानाचे धागे आहेत. शहरातून, दुसऱ्या जिल्ह्यातून, कधी केरळमधून आलेल्या सिस्टरला ते आपोआप कसे कळणार? तिला ते शिकवावेच लागतील.

वेळेचंही तसंच. "गोळी जेवणानंतर दोन वेळा" असं सांगितलं जातं. रानात जाणाऱ्याचं जेवण सकाळी अकराला बांधावर आणि रात्री आठला घरी. गोळ्या मात्र घरच्या फडताळात. "उपाशीपोटी या" म्हटलं की आपली माणसं कपभर गोड चहा पिऊन येतात, कारण चहाने उपास मोडत नाही ही आपली समजूत. साखरेची तपासणी तिथेच फसते. एकादशीचं तर विचारूच नका. इन्सुलिन घेणारी म्हातारी दिवसभर पाण्यावर राहते आणि संध्याकाळी भोवळ येऊन पडते. "उपास धरता का, कोणकोणते?" एवढा प्रश्न आधी विचारला तर पुढचं टळेल. उपास करू नका म्हणून रागावलं तर म्हातारी मान हलवते आणि उपास करतेच.

म्हाताऱ्याला ऐकू येत नाही म्हणून आपण ओरडतो, तेही चुकीचं आहे. वय झालं की बारीक, चिरका आवाज आधी ऐकू येईनासा होतो. ओरडताना आवाज तोच होतो, वर माणूस घाबरतो. समोर बसावं, तोंड दिसू द्यावं, आवाज खाली ठेवून सावकाश बोलावं. "कळलं का?" असं विचारू नये, त्याला सगळेच हो म्हणतात. "आजी, घरी गेल्यावर सुनबाईंना काय सांगाल?" असं विचारावं. आजी सांगू लागल्या की किती कळलं ते उघड होतं. आणि "ए म्हातारे" किंवा "चार नंबरची बाई" म्हणण्यापेक्षा आजी, मावशी, काका म्हटलं तर काय खर्च येतो?

गडचिरोलीत काय केलं

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत आले. तिथला आदिवासी दवाखान्यात यायला बिचकत होता. का येत नाही, असं त्यांनी लोकांनाच विचारलं. उत्तरं ऐकण्यासारखी होती. डॉक्टर-नर्स पांढरे कपडे घालतात, आम्ही तर प्रेत पांढऱ्या कपड्यात गुंडाळतो. तुमची भाषा समजत नाही. घरच्यांना रोग्याजवळ राहू देत नाही. दवाखान्यात देव नाही. आपण असतो तर अडाणी म्हणून हसलो असतो. बंग दांपत्याने दवाखानाच बदलला. शोधग्राममध्ये मोठ्या इमारतीऐवजी झोपडीवजा घरं उभी राहिली, नातेवाइकांना राहायची सोय झाली आणि दवाखान्याला दंतेश्वरी मातेचं नाव मिळालं.

त्याच जिल्ह्यात डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली होती. ती १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. शंभरात ९२ जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास निघाला आणि पूर्वी तपासणी, उपचार झालेल्या होत्या फक्त ८. आपल्याकडची म्हातारी "अंग बाहेर येतं" हे मुलासमोर बोलणार नाही. मुलाला दोन मिनिटं बाहेर पाठवून विचारलं तर बोलेल. एवढी समज औषधाच्या बाटलीत मिळत नाही.

आता कायद्याचं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान एक वृद्धाश्रम, निदान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा, राज्याने टप्प्याटप्प्याने उभारावा असं म्हटलं आहे. पण खोल्या बांधून आश्रम होत नाही. गावाकडचा म्हातारा तिथे आला की त्याची भाकरी जाते, खाली बसून जेवणं जाते, पारावरचं बोलणं जातं. मग तो गप्प होतो आणि कर्मचारी म्हणतात, "बाबा शांत आहेत, त्रास नाही." खासगी दवाखान्यांसाठी १९४९ चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. त्याच्या नियमांत २०२१ साली दुरुस्ती झाली आणि रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात लावणं बंधनकारक झालं. आजार, उपचार आणि खर्चाची माहिती मिळणं हा रुग्णाचा हक्क. पण न कळणाऱ्या शब्दांत दिलेली माहिती ही दिल्यासारखी कशी धरायची?

सिस्टरची बाजूही पाहिली पाहिजे. एका पाळीला एक सिस्टर, रोगी वीस-पंचवीस, वर रजिस्टरं भरायची. तिला बोलायला उसंत कुठली? म्हणून हे शिक्षण मोठ्या शिबिराचं, जेवणावळीचं नको. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती आहे, तीत लोकप्रतिनिधी असतात. सरपंचांनी आणि सदस्यांनी पुढच्या बैठकीत विषय काढावा. महिन्यातून एक दुपार पुरे. नव्या सिस्टर, ब्रदर, वृद्धाश्रमाचे सेवक एका बाजूला. आशाताई, वॉर्डातल्या मावशी, गावातल्या दोन जाणत्या म्हाताऱ्या दुसऱ्या बाजूला. दुखण्याचे शब्द, उपासाचे दिवस, जेवणाच्या वेळा, लाजेच्या गोष्टी यांची यादी करावी आणि ती डॉक्टरांच्या टेबलाच्या काचेखाली ठेवावी. खासगी दवाखान्यांनाही बोलवावं, येतील ते येतील. आणि मावशींना त्या दुपारी फरशी पुसायला लावू नये. शिकवायला बसवलंय तर बाहेरच्या पाहुण्याला देतो तसा भत्ताही त्यांना द्यावा.