संगणका, जरा गप्प बैस!

समजा तुम्ही संगणकावर लंबकाच्या प्रयोगाचा आलेख काढीत बसला आहात. बिंदू मांडून झाले, आता त्यांतून रेषा काढावयाची, इतक्यात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट उगवते: 'नवी सोय वापरून पाहा!' तुम्ही तिच्यावरची फुली दाबता. दोन मिनिटांनी दुसरी चौकट हजर! या आगंतुक पाहुण्यांना आत सोडतो कोण, आणि त्यांना दाराबाहेर ठेवावयाचे कसे?

या चौकटींना 'टोस्ट' म्हणतात. टोस्टरमधून पाव जसा टुणकन वर येतो, तशी ही चौकट येते म्हणून हे नाव. हसू नका, हे खरोखरीचे तांत्रिक नाव आहे! २००१ सालच्या विंडोज एक्सपीमध्ये असे संदेश फुग्याच्या आकारात येत; २०१२ च्या विंडोज ८ पासून ते चौकोनी झाले.

आता थोडे संगणकाच्या पोटात डोकावू. गंमत अशी, की आपल्याला त्रास देणाऱ्या या यंत्राला स्वतःलाही सतत कोणीतरी हटकीत असते. तुम्ही एक कळ दाबलीत, हे प्रक्रियकाला कळते कसे? एक उपाय म्हणजे त्याने दर क्षणी कळफलकाला विचारीत राहावयाचे, 'काही आले का?' पाहुणा आला का हे पाहण्यासाठी मिनिटामिनिटाला दार उघडण्यासारखेच हे. त्यापेक्षा दाराला घंटा लावलेली बरी. संगणकातील या घंटेला 'इंटरप्ट', म्हणजे व्यत्यय, असे नाव आहे.

१९७८ साली आलेल्या ८०८६ या प्रक्रियकाला ४० पाय होते. त्यांपैकी १८ व्या पायावर ही घंटा वाजे. घंटा वाजली की प्रक्रियक हातातील आज्ञा पुरी करी, आपण कोठे होतो ते स्मृतीत नोंदवून ठेवी, पाहुण्याचे काम उरकी आणि नेमका त्याच जागी परत येई. आजचे प्रक्रियकही मुळात हेच करतात. आपल्या डोक्याला मात्र ही सोय नाही. अर्धवट सुटलेले गणित कोणत्या पायरीवर राहिले, पुढे काय सुचले होते, याची नोंद आपोआप होत नाही. व्यत्ययानंतर आपल्याला पुष्कळदा पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागते. एका चौकटीची खरी किंमत ही आहे. फुली दाबायला लागणारा एक सेकंद नव्हे.

त्या अभियंत्यांनी आणखी एक शहाणपणाची सोय केली होती. नाजूक काम चालू असताना 'सीएलआय' ही आज्ञा दिली, की १८ व्या पायावरच्या घंटेकडे प्रक्रियक लक्षच देत नसे. शेजारचा १७ वा पाय मात्र या आज्ञेने बधिर होत नसे. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये स्मृतीत बिघाड झाल्याची वर्दी याच पायावर येई. म्हणजे गप्प करता येणारी घंटा वेगळी आणि संकटाची घंटा वेगळी!

पडद्यावरच्या संदेशांत ही निवड आपणच करावयाची असते. विंडोज ११ मध्ये विंडोजची कळ आणि 'आय' एकत्र दाबा. 'सेटिंग्ज'ची खिडकी उघडेल. तीत 'सिस्टिम' आणि मग 'नोटिफिकेशन्स' निवडा. येथे प्रत्येक आज्ञावलीपुढे स्वतंत्र बटण दिसेल. नको तिचे बंद करा. अगदी तळाशी 'ॲडिशनल सेटिंग्ज' आहे. सूचना व सल्ले देणाऱ्या चौकटींचा उगम तेथे आहे. तेथल्या खुणा काढून टाका. याच पानावरचे 'डू नॉट डिस्टर्ब' चालू केले, तर संदेश हरवत नाहीत, फक्त वर येत नाहीत. विंडोजची कळ आणि 'एन' दाबली की साचलेले सगळे दिसतात. शिक्षकांसाठी एक खास सोय आहे. संगणकाचा पडदा प्रक्षेपकावर जसाच्या तसा दाखवीत असताना ही शांतता आपोआप लागू होईल, असे येथेच ठरवून ठेवता येते. तास चालू असताना आपली खासगी पत्रे साऱ्या वर्गाने वाचावीत, हे कोणाला आवडेल?

'मग सगळेच बंद करून टाकू, कटकट नको!' असे काहीजण म्हणतील. थांबा. २८ मार्च १९७९ च्या पहाटे अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रात अपघात झाला. त्याच्या चौकशी आयोगाने नोंदविले आहे, की पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक धोक्याच्या घंटा वाजल्या, आणि बिनमहत्त्वाच्या घंटा दाबून टाकण्याची कोणतीही व्यवस्था तेथे नव्हती. एक झडप उघडीच अडकून पडली होती आणि तिच्यातून अणुभट्टी थंड ठेवणारे पाणी निसटत होते. हे ध्यानात येऊन ती वाट बंद होईपर्यंत दोन तासांहून अधिक वेळ गेला. अणुभट्टीच्या गाभ्याचा काही भाग वितळला. तेथे माहिती कमी नव्हती, गलका जास्त होता. म्हणून जाहिराती आणि खेळांचे संदेश बेलाशक बंद करा. पण बॅटरी संपत आल्याचा, विषाणुरोधक आज्ञावलीचा आणि सुरक्षेच्या दुरुस्त्यांचा संदेश चालूच ठेवा.

एका लबाड पाहुण्याबद्दल मात्र सांगितलेच पाहिजे. काही संकेतस्थळे उघडताच 'संदेश पाठवू का?' असे विचारतात. घाईत 'अलाउ' दाबले गेले, की ते पान मिटल्यावरही, ब्राउझर चालू असेपर्यंत, त्यांचे संदेश येऊ शकतात. 'तुमच्या संगणकात विषाणू शिरला आहे' असा घाबरवणारा मजकूरही त्यांत असतो. अशा वेळी चौकटीतील बारीक अक्षरे वाचा. तेथे ब्राउझरचे आणि संकेतस्थळाचे नाव दिसले, तर तो इशारा तुमच्या संगणकाने दिलेला नाही हे ओळखा, आणि त्यावर कळ दाबू नका. क्रोममध्ये तीन ठिपक्यांवरून 'सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'साइट सेटिंग्ज' आणि शेवटी 'नोटिफिकेशन्स' असे गेलात, की परवानगी मिळालेल्या स्थळांची यादी सापडेल. अनोळखी नावे तेथून काढून टाका.

आता एक प्रयोग करून पाहा. काहीही बंद करण्यापूर्वी एक दिवस वहीत तक्ता आखा: चौकट किती वाजता आली, कोणी पाठविली, आणि तिच्यामुळे तुम्हाला काही करावे लागले का. तिसऱ्या रकान्यात ज्यांच्यापुढे दिवसभरात एकदाही 'होय' आले नाही, त्यांची बटणे आधी शोधा.