अतिसार झालेले बालक व त्यास द्यावयाचे द्राव

वाराणसीतील ब्रह्मा घाट व दुर्गाघाट या भागांत मराठी कुटुंबे अनेक पिढ्यांपासून राहत आली आहेत. तेथील गल्ल्या अरुंद आहेत. आजारी मुलास कबीरचौऱ्याच्या सरकारी रुग्णालयात न्यावयाचे तर प्रथम त्यास उचलून मोठ्या रस्त्यापर्यंत आणावे लागते. अतिसाराने गळून गेलेल्या तान्ह्या मुलाच्या बाबतीत हा मधला वेळ कसा जातो यास फार महत्त्व आहे.

नवजात अर्भकाच्या वजनाचा सुमारे ७५ टक्के भाग पाण्याचा असतो. प्रौढ पुरुषात तो सुमारे ६० टक्के असतो. जुलाब व वांत्या यांबरोबर हे पाणी आणि त्यातील सोडियम, पोटॅशियम ही लवणे निघून जातात. मग मुलाचे डोळे खोल जातात, लघवी कमी होते, पोटाची त्वचा चिमटीत धरून सोडली असता सावकाश पूर्ववत होते. जुलाब थांबविणारी औषधे बालकास देऊ नयेत. त्याला हवे असते ते गेलेले पाणी.

परंतु नुसते पाणी पाजून भागत नाही. आतड्याच्या आतील पेशींत एक विशिष्ट प्रथिन असते. ग्लुकोज व सोडियम ही दोन्ही एकत्र आली म्हणजेच ते त्यांना आत घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शोषले जाते. ही कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडली. विशेष हे की, पटकीतही ही वाट बहुधा शाबूत राहते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली व शिरेवाटे द्यावयाचा द्राव अपुरा पडला, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ व खाण्याचा सोडा यांचे पाणी नातेवाइकांकरवी रुग्णांस पाजविले. सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले.

आज मिळणाऱ्या ओआरएसच्या एक लिटरच्या पुडीत १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड व २.९ ग्रॅम सायट्रेट असते. पुडी पूर्ण एक लिटर पाण्यातच विरघळवावी. पाणी कमी घेतल्यास द्रावण तीव्र होऊन अपाय होतो. पाणी उकळून निवविलेले असावे. गंगोदक घरोघरी पूज्य असले, तरी नदीतून थेट भरलेले पाणी येथे वापरू नये. द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे.

मूल बेशुद्ध झाले किंवा पिऊ शकत नसेल, तर मात्र शिरेवाटेच द्राव द्यावा लागतो. त्यासाठी रिंगर-लॅक्टेट वापरतात. एक वर्षाखालील मुलास दर किलो वजनास ३० मिलिलिटर पहिल्या तासात व ७० मिलिलिटर पुढील पाच तासांत, असे प्रमाण आहे. हे प्रमाण तीव्र निर्जलीकरणाचे होय, प्रत्येक गंभीर आजाराचे नव्हे. केनिया, युगांडा व टांझानिया येथे तीव्र तापाने अत्यवस्थ झालेल्या ३,१४१ बालकांवर केलेल्या व २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, शिरेवाटे द्राव झपाट्याने दिलेल्या बालकांपैकी सुमारे १०.५ टक्के ४८ तासांत दगावली. तसा न दिलेल्यांपैकी ७.३ टक्के. अतिसाराने निर्जलित झालेली बालके त्यात नव्हती. म्हणून शिरेतील द्रावाचे प्रमाण व वेग वैद्यानेच ठरवावयाचा असतो.

शुद्धीवर असलेल्या मुलास गल्लीतून नेतानाही द्रावण चमच्याने, दर एक-दोन मिनिटांनी, पाजीत राहावे. वांती झाल्यास दहा मिनिटे थांबून अधिक सावकाश पुन्हा सुरू करावे. अंगावरचे दूध बंद करू नये.