इंग्रजीतील एक शब्द, फ्रेंचमधील अनेक

शब्दकोश हाती असला म्हणजे भाषांतर साधले, असा समज विद्यार्थिवर्गात पुष्कळ आढळतो. शब्दकोशाची थोरवी आम्हांस मान्य आहे. परंतु एका शब्दापुढे तो चार प्रतिशब्द मांडतो, तेव्हा त्यांतील कोणता घ्यावा हे तो क्वचितच सांगतो. इंग्रजीतून फ्रेंचमध्ये भाषांतर करताना ही अडचण पावलोपावली येते. या दोन भाषांत शेकडो शब्द सारखे दिसतात, म्हणून हे काम सोपे वाटते. प्रत्यक्षात अर्थाच्या सीमा दोघींनी निरनिराळ्या आखल्या आहेत.

प्रथम ‘स्प्रिंग’ हा शब्द घेऊ. इंग्रजीत वसंत ऋतू, घड्याळातील कमान आणि पाण्याचा झरा या तिन्ही गोष्टी या एकाच शब्दाने दर्शविल्या जातात. फ्रेंच भाषा वसंताला ‘प्रँतां’, कमानीला ‘रसोर’ आणि झऱ्याला ‘सुर्स’ म्हणते. येथे फसण्याचा संभव थोडा. कारण घड्याळात वसंत ऋतू बसत नाही, हे कोणालाही कळते. वाक्यातील शेजारचे शब्दच योग्य अर्थ दाखवून देतात.

खरी कसोटी लागते ती अर्थ एकमेकांना खेटून उभे असतात तेथे. ‘नो’ या क्रियापदाला फ्रेंचमध्ये दोन मुख्य पर्याय आहेत. एखादी गोष्ट घडली हे ठाऊक असणे किंवा पोहण्यासारखी कला येणे, यासाठी ‘साव्वार’. आणि एखाद्या माणसाची किंवा गावाची ओळख असणे, यासाठी ‘कोनेत्र’. मराठी विद्यार्थ्याला हा भेद परका नाही. ‘मला पोहणे ओळखते’ असे आपण कधी म्हणत नाही. ‘पोहता येते’ असेच म्हणतो, आणि माणसाला मात्र ‘ओळखतो’. इंग्रजीने जे एका शब्दात कोंबले, ते मराठीने पूर्वीच वेगळे ठेवले आहे.

‘टाइम’ या शब्दाची कथा याहून मनोरंजक आहे. वेळ नाही म्हणताना फ्रेंच माणूस ‘तां’ म्हणतो, जेवणाची वेळ झाली म्हणताना ‘अर’, आणि तीन वेळा म्हणताना ‘फ्वा’. आता आपल्या बोलण्याकडे लक्ष द्यावे. ‘माझा वेळ गेला’ यात वेळ पुल्लिंगी, ‘जेवणाची वेळ झाली’ यात स्त्रीलिंगी. कालावधी आणि नेमका क्षण हा भेद मराठी लिंगाने दाखवते, फ्रेंच वेगळ्या शब्दाने दाखवते. इंग्रजी तो वाचकाच्या समजुतीवर सोपवते.

कधी कधी मात्र व्याकरण आणि कोश दोन्ही अपुरे पडतात. ‘रिव्हर’ म्हणजे नदी. पण फ्रेंचमध्ये समुद्राला मिळणारी नदी ‘फ्लव्ह’ आणि दुसऱ्या नदीला मिळणारी ‘रिव्हियेर’ होय. सेन नदी समुद्राला मिळते, म्हणून ती फ्लव्ह. मार्न नदी पॅरिसनजीक सेनला मिळते, म्हणून ती रिव्हियेर. याच न्यायाने अरबी समुद्राला मिळणारी आपली नर्मदा फ्लव्ह ठरेल आणि चंबळेला मिळणारी क्षिप्रा रिव्हियेर. इंग्रजी वाक्यात या भेदाची खूण नसते. भाषांतरकाराने नकाशाच उघडला पाहिजे! भाषांतराला शब्दज्ञानाबरोबर वस्तुज्ञान लागते, ते असे.

चुकीच्या निवडीची किंमत कधी जबर असते. इंग्रजीत ‘ड्रग’ म्हणजे औषधही आणि अमली पदार्थही. फ्रेंचमधील ‘द्रोग’ या सारख्या दिसणाऱ्या शब्दाचा आजचा रूढ अर्थ मुख्यतः अमली पदार्थ असा आहे. औषधाला ‘मेदिकामां’ म्हणतात. रुग्ण नियमित औषध घेतो असे लिहावयाचे असता ‘द्रोग’ लिहिले, तर एका सज्जनावर व्यसनाचा आळ येईल.

राष्ट्रांच्या व्यवहारात तर एका लहानशा उपपदानेही वाद पेटतो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीने 22 नोव्हेंबर 1967 रोजी ठराव क्रमांक 242 संमत केला. त्यात त्या वर्षीच्या युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून इस्रायली सैन्य मागे घेण्याचे कलम आहे. इंग्रजी पाठात ‘प्रदेश’ या शब्दामागे निश्चित उपपद नाही. त्यामुळे सर्व प्रदेश की काही, हा प्रश्न उभा राहिला. फ्रेंच पाठात तेथे ‘दे’ हे रूप आहे. निश्चित उपपद पोटात घेतलेले हे रूप वाचून ‘ते सर्व प्रदेश’ असा अर्थ अनेकांनी काढला. इतरांनी इंग्रजी पाठाचा आधार घेतला. आपल्या मराठीत उपपदच नसल्याने वरील आमचे वाक्यही इंग्रजीइतकेच मोघम राहिले आहे, हे चाणाक्ष वाचकांच्या ध्यानी आले असेल.

मग अभ्यासकाने करावे काय? शब्द एकटा न पाहता पूर्ण वाक्य पाहावे. तो नाम आहे की क्रियापद, हे ठरवावे. विषय कोणता, वाचक कोण, याचा विचार करावा. आणि निवडलेला फ्रेंच शब्द पुन्हा कोशात उलट पाहून मूळ अर्थच हाती येतो ना, याची खात्री करावी. एवढे करूनही शंका उरली, तर मूळ लेखकाला काय म्हणावयाचे होते, हे विचारण्यात कमीपणा नाही.

परक्या दोन भाषांमधील हा व्यवहार न्याहाळताना आपल्याच भाषेतील भेद आपणांस नव्याने दिसू लागतात. परभाषेच्या अभ्यासाचा हा लाभ, आमच्या मते, परीक्षेतील गुणांहून मोठा आहे.