आपल्या माणसाच्या मापाचं

बाजारातल्या बहुतेक खुर्च्यांची बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटर उंच असते. पाच फुटांहून कमी उंचीची मावशी त्या खुर्चीत बसली की तिचे पाय जमिनीला नीट टेकत नाहीत, मांडीखाली कड रुतते आणि थोड्या वेळानं पायांना मुंग्या येतात. स्वयंपाकाच्या ओट्याचंही तेच. तो ८५ सेंटिमीटरच्या आसपास बांधला जातो आणि तिथे रोज पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या कोपराची उंची कोणी विचारलेली नसते. कारखान्याला सगळ्यांचं मिळून एक माप धरावं लागतं, त्याला इलाज नाही. आपल्याला मात्र एकाच माणसासाठी वस्तू करायची असते आणि त्याचं माप टेप घेऊन दोन मिनिटांत कळतं. घरच्या लाकूडकामाचं खरं मोल मला इथे दिसतं. वस्तू स्वस्त पडली का, दुकानातल्यासारखी चकाकते का, हे प्रश्न नंतरचे. ज्याच्यासाठी केली त्याच्या शरीराला, सवयीला आणि घराला ती बसते का, हा पहिला प्रश्न.

आधी माणूस, मग लाकूड

मावशीला नवी खुर्ची करून द्यायची गरज नसते. तिच्या नेहमीच्या खुर्चीपुढे सहा-सात सेंटिमीटर उंचीचा पाट ठेवला तरी पाय टेकतात. ओट्यापाशी उभं राहण्यासाठीही असाच, पण जास्त रुंद पाट करता येतो. लाटणं-मळणं अशा कामाला ओटा कोपरापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर खाली असावा. तो त्याहून उंच पडत असेल, तर जेवढा फरक तेवढी पाटाची उंची. पाट इतका रुंद हवा की काम करताना एक पाऊल इकडेतिकडे झालं तरी तोल जाऊ नये.

पूजेला खाली बसता येत नाही म्हणून हळहळणारे आजी-आजोबा घरोघरी आहेत. त्यांच्यासाठी बैठकीची उंची ठरवताना गुडघ्यामागच्या खळगीपासून तळपायापर्यंतचं अंतर मोजावं. गुडघे दुखत असतील तर उठायला सोपं जावं म्हणून त्यात दोन-तीन सेंटिमीटर वाढवावेत. मग देवांचा चौरंग त्याच हिशेबानं उंच करावा, म्हणजे फूल वाहताना वाकावं लागत नाही.

पांगुळगाड्याचा दांडा बाळाच्या छातीच्या जरा खाली यावा आणि गाड्याचा पाया रुंद व जड असावा. हलका गाडा बाळानं ओढताच उलटा अंगावर येतो. पाळण्याच्या दोन गजांमधली फट सहा सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, कारण त्यातून बाळाचं अंग सरकून डोकं अडकू शकतं. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्यात तोंडात मावेल इतका लहान सुटा भाग ठेवू नये. इथे हौसेपेक्षा नियम मोठा.

पाट आणि पोळपाट काय शिकवतात

सुरुवात कुठून करावी, असं विचारणाऱ्याला मी पाट सांगतो. एक फळी आणि तिच्याखाली दोन आडव्या पट्ट्या, एवढीच ही वस्तू. पण लाकडाचा सगळा स्वभाव तिच्यात कळतो. झाड तोडल्यावर लाकूड वाळत जातं. त्यातलं पाणी कोरड्या लाकडाच्या वजनाच्या साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरलं की ते आकसू लागतं. आकसणं सगळीकडे सारखं नसतं. लांबीत ते जवळजवळ नसतंच. रुंदीत मात्र असतं आणि वार्षिक वलयांच्या दिशेनं ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेच्या सुमारे दुप्पट असतं. म्हणून फळ्या पन्हळीसारख्या वाकतात. वाळलेलं लाकूडसुद्धा पावसाळ्यात हवेतला ओलावा शोषून फुगतं आणि उन्हाळ्यात पुन्हा आटतं. जुलैत दार अडतं आणि एप्रिलमध्ये सैल होतं, ते यामुळेच.

पाटाखालच्या आडव्या पट्ट्या फळीला सपाट धरून ठेवतात. पण त्या फळीला पूर्ण लांबीत फेव्हिकॉल लावून आणि खिळे ठोकून जखडल्या, तर आटू पाहणाऱ्या फळीला जागा राहत नाही आणि ती उभी चिरते. उपाय साधा आहे. पट्टीच्या मधोमध एक स्क्रू घट्ट बसवावा आणि दोन्ही टोकांकडच्या स्क्रूंसाठी गोल भोकाऐवजी लांबट भोक पाडावं, म्हणजे फळी सरकू शकते. टेबलाचा माथा, देव्हाऱ्याची बैठक, कपाटाचं दार, सगळीकडे हेच तत्त्व लागू होतं. प्लायवूडमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असल्यानं ते असं हलत नाही. पुस्तकांची फडताळं, कप्पे यांसाठी ते चांगलं; पाटाला आणि पोळपाटाला मात्र अखंड लाकूडच हवं.

पोळपाटाला पुष्कळदा तीन पाय असतात, त्यामागे भूमिती आहे. तीन बिंदू नेहमी एकाच प्रतलात येतात, त्यामुळे ओटा किंवा फरशी खालीवर असली तरी तीन पायांचा पोळपाट डगमगत नाही. चार पायांच्या चौरंगाला हे भाग्य नाही. त्याचे पाय सपाट फरशीवर ठेवून, कोणता उचलला जातो ते पाहून, घासून जुळवावे लागतात.

कुठलं लाकूड

सागवानाला मराठी घरांत मान आहे आणि तो योग्यच आहे. त्यात नैसर्गिक तेल असतं, वाळवी सहसा लागत नाही आणि ऋतूंप्रमाणे फुगणं-आटणं कमी असतं. चंद्रपूर-गडचिरोलीचा साग प्रसिद्ध आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दरवाजांसाठी २०२३ मध्ये बल्लारपूरच्या आगारातूनच सागवान गेलं. सागात वाळूसारखे सिलिकाचे कण असतात, त्यामुळे हत्याराची धार लवकर जाते, हे काम करताना लक्षात ठेवावं. शिसव जड, गडद आणि टिकाऊ. बाभूळ इतकी चिवट की बैलगाडीच्या आणि नांगराच्या भागांसाठी शेतकरी तीच घेत आले. आंब्याची फळी स्वस्त मिळते आणि रंध्याला सोपी असते, पण तिला कीड लागते, म्हणून ती पुरती वाळवून घ्यावी. शिवण हलकी, मऊ आणि कमी वाकणारी. नवशिक्याच्या हाताला ती फार सोयीची. सावंतवाडीच्या चितार आळीतली लाखेच्या रंगांची खेळणी आणि फळं परंपरेनं पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची होत आली आहेत.

नवं सागवान महाग वाटत असेल तर जुनं घ्यावं. वाडे उतरवताना निघालेल्या तुळया, चौकटी आणि कड्या लाकडाच्या वखारीत आणि जुन्या बाजारात मिळतात. इतकी वर्षं घरात राहून ते लाकूड पुरतं वाळलेलं असतं. करवत लावण्याआधी त्यातले गंजलेले खिळे लोहचुंबक फिरवून शोधून काढावेत. आजोळच्या घराची उतरवलेली चौकट मिळाली आणि तिच्यातून भावंडांसाठी एकेक पाट निघाला, तर त्या लाकडाचं याहून चांगलं काही होणार नाही.

हत्यारं आणि शेजार

फ्लॅटच्या गॅलरीतसुद्धा हे काम होतं. बारीक दातांची एक करवत, एक रंधा, १२ आणि २५ मिलिमीटरच्या दोन पटाश्या, गुण्या, लाकडी हातोडा, ड्रिल, दोन-चार क्लॅम्प आणि धार लावायचा दगड एवढ्यावर पाट, चौरंग, खेळणी आणि छोटा देव्हारा होतो. धारेचा दगड ही यादीतली सर्वांत महत्त्वाची वस्तू. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावल्यावर ती निसटते. धारदार पटाशी हलक्या हातानं चालते. पटाशी चालवताना दुसरा हात नेहमी तिच्या मागे असावा, पुढे कधीच नको.

लाकडाचा बारीक भुसा निरुपद्रवी समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीला कर्करोगकारक ठरवलं आहे. पॉलिश पेपर घासताना चांगला मास्क लावावा, हवा खेळती ठेवावी आणि घरात लहान मूल असेल तर ओल्या फडक्यानं लगेच पुसून घ्यावं.

आणि ओळखीच्या सुतारकाकांकडे जावं. बारा बलुतेदारांत ज्यांच्यावाचून गावगाडा हलत नसे, त्या सुतारांच्या हातात पिढ्यांचं ज्ञान आहे. रंध्याचं पातं किती बाहेर काढायचं, फळी कोणत्या बाजूनं रंधली म्हणजे तंतू उचकटत नाहीत, कूस (जोडातलं खाचेत शिरणारं टोक) किती घट्ट बसावी, हे त्यांच्याजवळ अर्धा तास उभं राहून जेवढं कळतं तेवढं व्हिडिओ पाहून कळत नाही. त्यांच्या वेळेचे पैसे विचारून, मानानं द्यावेत.

शेवटचा हात

पोळपाट-लाटण्याला वॉर्निश लावू नये. शेंगदाण्याचं किंवा सूर्यफुलाचं तेल लाकडात नीट वाळत नाही, काही दिवसांनी त्याला खवट वास येतो. जवसाचं खाद्यतेल हळूहळू वाळतं आणि घट्ट होतं. त्याचे पातळ हात द्यावेत. रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवस तेल मात्र अन्नाच्या भांड्याला वापरू नये, त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. जवस तेलात भिजलेली फडकी चुरगळून टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती उघड्यावर पसरून पूर्ण वाळवावीत, मगच टाकावीत.

खेळण्यांसाठी लाखेचं पॉलिश उत्तम. पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या लाखेच्या किड्यापासून मिळणारी चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं लावतात. स्पिरिट उडून गेल्यावर उरणारी शुद्ध लाख गोळ्या-चॉकलेटांच्या आवरणातही वापरली जाते, त्यामुळे बाळानं ठोकळा तोंडात घातला तरी चिंता नसते.

घरासाठी करण्याची परंपरा

शाळेत लाकूडकाम शिकवण्याच्या विचाराला मोठा इतिहास आहे. फिनलंडमध्ये ऊनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नांनी १८६६ मध्ये हस्तकाम शाळेतला सक्तीचा विषय झाला. पुढे स्वीडनमधल्या नेस इथे ऑटो सालोमन यांनी ‘स्लॉइड’ या पद्धतीचं शिक्षकांसाठी केंद्र उभं केलं. या पद्धतीत मुलांनी नुसते सांध्यांचे नमुने करायचे नव्हते. घरात लागणारी वस्तू करायची आणि ती घरी न्यायची, असा सालोमन यांचा आग्रह होता. आपल्याकडे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी नई तालीमची कल्पना मांडली. हातातल्या उद्योगातूनच बाकीचे विषय शिकावेत, हा तिचा गाभा, आणि त्या उद्योगांत सूतकताईबरोबर सुतारकामही होतं. चौरंगाचा काटकोन जुळवणारं मूल पायथागोरस फळ्यावर नाही, तर हातात शिकतं. मुलींना आणि मुलांना दोघांनाही करवत धरू द्यावी. यात ताकदीपेक्षा सावधपणा आणि चिकाटी लागते.

सणांनीही नवी गरज निर्माण केली आहे. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्रानं प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी आणली. तेव्हापासून लाकडी घडीच्या मखराला पुन्हा दिवस आले आहेत. कूस आणि खाच यांनी जुळणारं, खुंट्या काढल्या की सुटं होऊन पलंगाखाली मावणारं मखर दरवर्षी वापरता येतं. बहिणीला किंवा परदेशी राहणाऱ्या मित्राला द्यायला याहून उपयोगी भेट मला सुचत नाही. तिचे सुटे भाग प्रवासाच्या बॅगेतही बसतात.

या दिवाळीत घरी येणाऱ्यांपैकी एक माणूस मनाशी ठरवा. तो बसतो कसा, उभा कुठे राहतो, कुठल्या वस्तूशी रोज झगडतो, ते पाहा. हळूच माप घ्या. पुढच्या पाडव्यापर्यंत हातात पुरेसा वेळ आहे. त्या मापाचा एक पाट नक्की करा.