तिरप्या मानेचा अर्थ

फळ्याकडे पाहताना मान एका बाजूला वळवून बसणाऱ्या मुलाला ‘सरळ बस’ म्हणून दरडावणारे शिक्षक दुष्ट नसतात. शिस्तीची त्यांची कल्पनाच तशी घडलेली असते. परंतु ज्या मुलाची बुबुळे त्याच्या इच्छेविना सतत हेलकावत असतात, त्याच्यावर या शिस्तीने अन्याय होतो. नेत्रवैद्यकात ‘निस्टॅग्मस’ या नावाने ओळखला जाणारा हा विकार पुष्कळदा जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागतो. नजर एका विशिष्ट कोनात ठेवली की हा हेलकावा अनेकांच्या बाबतीत मंदावतो आणि तो कोन साधण्यासाठीच मूल मान वळवते. मान सरळ करण्याची आज्ञा त्याने पाळली, तर त्याला फळा आधीपेक्षाही कमी दिसतो.

हा हेलकावा सरावाने आवरता येईल काय, असा प्रश्न शास्त्रज्ञांना पडला नसता तरच नवल. 1980 साली ब्रिटनमधील अबादी, कार्डेन आणि सिम्प्सन या संशोधकांनी त्या दिशेने केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यामागील कल्पना साधी आहे. जन्मजात विकार असलेल्या माणसाला आपली बुबुळे हलत आहेत हे सहसा जाणवतच नाही, कारण त्याला जग स्थिरच दिसते. जे जाणवत नाही ते आवरणार कसे? म्हणून बुबुळांची हालचाल यंत्राने टिपून तिचे ध्वनीत रूपांतर करावयाचे. डोळा हलला की सूर बदलतो, स्थिरावला की सूरही स्थिरावतो. हा सूर ऐकत रुग्णाने डोळा शांत करण्याचा अभ्यास करावयाचा, हेच ते बायोफीडबॅक. प्रयोगशाळेत काहींचा हेलकावा खरोखर कमी झाला. तथापि यंत्र दूर झाल्यावर, रस्त्यावर आणि वर्गात, तो संयम कितपत टिकतो याचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही. त्यामुळे ही पद्धत सर्वमान्य उपचार ठरली नाही. मनावर ताण आला, कोणी टक लावून पाहिले, की हेलकावा वाढू शकतो. ‘नीट बघ’ असा धाक म्हणूनच उलटा परिणाम करतो.

बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यात दिंद्रुड आहे. तेथील एखाद्या घरात असे मूल असेल, तर त्याने सुराच्या यंत्राची वाट पाहावी काय? त्याला पहिली गरज आहे ती कोणीतरी त्याचे डोळे वेळेवर तपासण्याची. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेतील मुलांची एकदा तपासणी अभिप्रेत आहे. योजना चांगलीच आहे. पण या जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडणारी कुटुंबे कारखान्याच्या पट्टा पडेपर्यंत परतत नाहीत. पथक शाळेत आले तेव्हा मूल फडात असेल, तर हजेरीपटावर फक्त गैरहजेरी उमटते आणि विकार तसाच राहतो. परतलेल्या मुलांची तपासणी पुन्हा करण्याची तरतूद ही कागदावरची नव्हे, तर गावातील शिक्षक व आशा कार्यकर्ती यांच्या रोजच्या कामाची बाब व्हावयास हवी. मुलाला घेऊन जाण्यासाठी याच जिल्ह्यात अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. (मोठ्या वयात डोळे अचानक असे हलू लागले, तर मात्र मेंदूचा काही विकार नाही ना, हे तातडीने पाहावे लागते.)

तपासणीनंतरही बुबुळे हलायची थांबतील असे नाही. चष्म्याने फायदा होतो. मान फार वळत असेल, तर डोळ्यांच्या स्नायूंवरील शस्त्रक्रियेने तो शांत कोन समोर आणता येतो. उरलेले सारे शाळेच्या हाती आहे: पहिला बाक, फळ्यावर ठसठशीत अक्षर, वाचायला थोडा अधिक वेळ. अपंगत्व 40 टक्के किंवा अधिक असल्याचे प्रमाणपत्र मिळाले, तर केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे लेखनिकास पात्र असलेल्या परीक्षार्थींना ताशी किमान 20 मिनिटे वाढीव मिळावयास हवीत. पण त्या प्रमाणपत्राच्या अर्जापर्यंत मूल पोहोचते ते शिक्षकाने त्याची मान सरळ करायला न लावता, ती तिरपी का, एवढे विचारले तरच.