लांडगा मारला म्हणून काळवीट वाढत नाहीत

नांदगाव-येवल्याच्या माळरानावर एक समज पक्का बसला आहे. लांडगा काळवीट खातो, म्हणून लांडगे संपले की काळवीट वाढणारच. हिशेब सरळ वाटतो, पण रानात तो जुळत नाही.

अमेरिकेत सुपीरियर सरोवरातल्या आइल रॉयल बेटावर लांडगे आणि मूस, म्हणजे घोड्याहून उंच हरीण, यांचा अभ्यास १९५८ पासून चालू आहे. १९८० मध्ये तिथे ५० लांडगे होते. कुत्र्यांमधल्या पार्व्हो विषाणूची साथ आली आणि दोन वर्षांत १४ उरले. पुढे मूस वाढत वाढत सुमारे २,४०० झाले. त्यांनी बेटावरचा पाला ओरबाडून खाल्ला आणि १९९६ च्या कडक हिवाळ्यात बहुतेक उपासमारीने मेले. उरले जेमतेम ५००. म्हणजे लांडगे घटल्यावर आलेली वाढ टिकली नाही. शिवाय लांडगे तिथे मुख्यतः पिल्ले आणि सांधे धरलेले म्हातारे मूस मारतात.

नांदगावला बर्फ नाही, दुष्काळ आहे. उन्हाळ्यात गवत वाळते, पाणवठे आटतात आणि शेजारच्या ममदापूर-राजापूर राखीव क्षेत्रातले काळवीट पाण्यासाठी वस्तीकडे येतात. मग कोणी कठडा नसलेल्या विहिरीत पडतो, कोणी गाडीखाली येतो, कोणाला मोकाट कुत्री फाडतात. या मरणांचा दोष लांडग्यावर टाकणे अन्याय आहे.

‘कुत्रे काय, लांडगा काय, एकच’ हेही चूक. पाडस जन्मल्यावर पहिले काही दिवस गवतात निपचित पडून राहते. आई लांब चरते, पाजायला तेवढी येते, म्हणून ते कोणाला सापडले तर बचाव नसतो. लांडग्याचे पोट शिकारीवर आणि मेंढरांवर चालते, त्याची टोळी लहान आणि तिचा मुलूख मोठा. कुत्र्याला मात्र गावातले उष्टे-खरकटे बारमाही मिळते. त्यामुळे काळवीट घटले तरी कुत्री घटत नाहीत आणि उरलेल्या पाडसांचा पिच्छा सुटत नाही. माझ्या मते माळरानावरचा खरा धोका हाच आहे.

लांडगा मेंढरू नेतो, हे मात्र खरे, आणि मेंढपाळाला तो घाव मोठा असतो. पण विष घालू नका. लांडगा आणि काळवीट दोघेही वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मेलेले मेंढरू जागेवरून न हलवता वनरक्षकाला ताबडतोब कळवा आणि पंचनामा करून घ्या, भरपाई मिळते. आणि शिवारातल्या उघड्या विहिरीला उन्हाळ्याआधी कठडा बांधा.