दोनशे मार्कांचं बायफोकल, पण बघतंय कोण?

रविवारी सकाळी निगडीला मामाकडे पोहे खायला बोलावणं होतं. खरं कारण पोहे नव्हतेच. मामेभाऊ दहावी पास झालाय, अकरावी सायन्सला बायफोकल इलेक्ट्रॉनिक्स घ्यायचं म्हणतोय आणि घरच्यांना माझं 'एक्स्पर्ट ओपिनियन' हवं होतं. (मी मास कॉमवाली, तरीही!)

मामा चाकणच्या एका कंपनीत मेंटेनन्सला. दिवसभर पॅनेल उघडून बसणारा माणूस. पोराने लवकर सोल्डरिंग शिकावं, असं त्याला मनापासून वाटतं. मामीचा प्रश्न मात्र रोखठोक: "अवघड विषय घेतला, हे कॉलेजवाले बघतात का गं?"

मग बसले नियम उपसत. बायफोकल 200 मार्कांचं. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडून ते घ्यायचं. गंमत म्हणजे एमएचटी-सीईटीची पीसीएमसुद्धा 200 मार्कांचीच: फिजिक्स 50, केमिस्ट्री 50, मॅथ्स 100. पण या दोन दोनशेंची एकमेकांशी ओळखच नाही! इंजिनीअरिंगच्या पात्रतेसाठी फिजिक्स-मॅथ्ससोबत केमिस्ट्रीऐवजी टेक्निकल विषय चालतो, ओपनला 45 टक्के पुरतात. पण नंबर लागतो तो सीईटीच्या पर्सेंटाइलवर. तिथे इलेक्ट्रॉनिक्सला शून्य भाव.

अवघडपणा मोजायचा प्रयत्न आपल्याकडे झालाच नाही, असं नाही. मी 2015 ची बारावी. 2014 आणि 2015 या दोन वर्षी राज्यात जेईई मेन आणि बारावीचं पीसीएम यांना निम्मं-निम्मं वजन होतं. एका बोर्डाचे 90 आणि दुसऱ्याचे 90 सारखे कसे, म्हणून बोर्डाचे मार्क पर्सेंटाइलने जुळवून घ्यायचे. तो हिशोब समजावताना आमचे क्लासवाले सरसुद्धा घामाघूम व्हायचे. आणि तोलली जायची ती बोर्डं, विषय नाहीत. 2016 ला पुन्हा सीईटीच आली.

अमेरिकेतल्या बऱ्याच शाळांत एपी म्हणजे कॉलेजच्या पातळीचा विषय घेतला, तर 'ए' ग्रेडचे 4 ऐवजी 5 धरतात. तिथली नामवंत कॉलेजं शाळेत कोणते अवघड विषय मिळत होते आणि पोराने त्यातले किती घेतले, हेही बघतात. इथे लाखो पोरांची यादी लावायची असते, फाइल कोण उघडणार? खरं सांगू, मला आपला आकडा तसा परवडतो. त्यात वशिला नाही.

पण मामीला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे प्रॅक्टिकलला जाणारा वेळ सीईटीतून कापला जाणार."

मामा गप्प. पोरगा मोबाइलमध्ये सर्किटचा व्हिडिओ बघतोय. चिंचवडच्या इंटिग्रेटेड क्लासने सीट बुधवारपर्यंतच धरून ठेवलीये.